कॉलेज निवडताना आधी वर्कशॉप बघा: डिझाइन शिकायला निघालेल्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

बारावीचा निकाल लागला की ओळखीपाळखीतून मला फोन सुरू होतात. मी पॅकेजिंगचं काम करते, राहते नौपाड्यात आणि अधूनमधून डिझाइन कॉलेजांत ज्युरी म्हणून, म्हणजे मुलांचं काम तपासणाऱ्या परीक्षकांमध्ये, बसते, एवढंच निमित्त. पूर्वी पालक विचारायचे, ‘यात पैसा आहे का?’ आता विचारतात, ‘एआय दोन मिनिटांत चित्र काढून देतं, मग चार वर्षं आणि एवढी फी कशाला?’ प्रश्न रास्त आहे. ‘कला ही साधना आहे’ म्हणून पालकांना गप्प करणाऱ्यांचा मला रागच येतो.

मुळात कलाशिक्षण कशासाठी, हे आपल्याकडे कधी कायमचं ठरलंच नव्हतं. १८५७ साली जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय सुरू झालं, तेव्हा इंग्रजांच्या डोक्यात कारागीर घडवणं होतं. सीएसएमटीच्या दगडी नक्षीकामाला तिथल्या विद्यार्थ्यांचे हात लागलेत; ठाणे लोकल पकडायच्या आधी एकदा मान वर करून ती पानं नि पाखरं बघा. म्हणजे विद्यार्थ्यांचं काम तेव्हाही वर्गाच्या भिंतीबाहेर, खऱ्या इमारतीवर जात होतं. स्वातंत्र्यानंतर गरज बदलली, उद्योग उभे राहायचे होते. चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझायनर जोडप्याने १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यात त्यांनी वाखाणला आपला साधा लोटा: किती पाणी मावतं, कमरेवर कसा बसतो, ओतताना तोल कसा राहतो, घासायला सोपा की अवघड. त्या अहवालातून १९६१ मध्ये अहमदाबादची एनआयडी ही राष्ट्रीय डिझाइन संस्था आली, आणि पुढे १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाइन विभाग.

लोट्याला विचारलेले ते प्रश्न एआयने काढलेल्या चित्रालाही विचारता येतात. मध्यंतरी एका ज्युरीत कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट समोर आलं. देखणं होतं, काळ्या पार्श्वभूमीवर लाल मिरच्या. मी विचारलं, शाकाहारीचा हिरवा ठिपका कुठे? निव्वळ वजन, एमआरपी? तारीख आणि बॅच नंबर पाकीट भरताना शेवटी छापतात, त्यासाठी फिकट रंगाची कोरी जागा सोडावी लागते. काळ्यावर काळी शाई कोण वाचणार? वरची कड सीलमध्ये जाते, आणि नेमकं तिथेच नाव. त्यातही ‘ल्ल’चा भास व्हावा असं काहीतरी मोडकं जोडाक्षर उमटलेलं, तसं अक्षर मराठीत नाहीच. पोरगं हुशार होतं. त्याला हे कुणी दाखवलंच नव्हतं, कारण दोन सेमिस्टर सॉफ्टवेअर शिकवण्यात गेली होती. सॉफ्टवेअर तुम्ही घरी शिकाल, शिकताच आहात. फी मोजायची ती वर्कशॉपसाठी, आणि तुमचं काम हातात घेऊन ‘हे का?’ विचारणाऱ्या माणसांसाठी.

आणि इथे ठाणे-नवी मुंबईकर नशीबवान आहेत. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याच्या एमआयडीसीत प्रेस, खोके बनवणारे, फॅब्रिकेटर असे एकाला लागून एक सापडतात. एखाद्या प्रेसमध्ये दुपारभर उभं राहायची परवानगी मागा. आधी हाकलतात, मग चहा पाजतात. पुठ्ठ्याला धाग्याची दिशा असते आणि तिच्या आडवी घडी घातली की कड फाटते, हे डाय-कटिंगवाले, म्हणजे साच्याने पुठ्ठा कापणारे, काका एका मिनिटात दाखवतात. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा चार रंगांच्या छपाईत मळका का होतो, तेही तिथेच कळतं. मग वाशीच्या एपीएमसीत मसाल्याच्या बाजारात जाऊन गिऱ्हाईक पाकीट कसं उचलतं ते बघा.

दुसरी जागा, सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही वसाहत आखली: छोटी घरं, मधे सामायिक अंगणं, आणि कुटुंब वाढेल तसं घर वाढवायची मोकळीक. लोकांनी ती मोकळीक मनसोक्त घेतली. कुठे मजले चढले, कुठे घर पाडून नवंच बांधलं. काही वास्तुरचनाकार हळहळतात. मला मात्र तीच खरी शिकवणी वाटते. वही घेऊन जा, रहिवाशांना विचारून अंगणात बसा आणि मूळ काय होतं, लोकांनी काय बदललं आणि का, ते रेखाटा. पोर्टफोलिओत, म्हणजे प्रवेशासाठी दाखवायच्या कामाच्या संग्रहात, असं एक पान स्पायडरमॅनच्या पंचवीस चित्रांना भारी पडतं.

देवनागरीबद्दल एक, कारण हे फार कमी मुलांच्या लक्षात येतं. इंग्रजी अक्षरांवर काम करणारे जगभर आहेत. आपल्या लिपीचं नीट काम करणारे अजूनही थोडेच. आयडीसीत शिकवणाऱ्या र. कृ. जोशींनी संगणकासाठी देवनागरी अक्षरं घडवली, सुलेखनकार अच्युत पालव यांनी सुलेखन घरोघरी नेलं. दुकानाच्या पाटीपासून सरकारी ॲपपर्यंत सगळीकडे बिघडलेली जोडाक्षरं दिसतात. ती दुरुस्त करता येणाऱ्याला काम मिळतं.

परीक्षांचं थोडक्यात. शाळेतली एलिमेंटरी-इंटरमिजिएट ही चित्रकलेची परीक्षा दिली असेल तर हात बसलेला असतो. राज्यातल्या बीएफएसाठी (ललित कलेची पदवी) कलाशिक्षणाची सीईटी, आयआयटीच्या बी.डेस.साठी (डिझाइनची पदवी) यूसीड ही प्रवेश परीक्षा, शिवाय एनआयडी आणि निफ्ट या फॅशन संस्थेच्या आपापल्या परीक्षा. बी.डेस.ला विज्ञानच हवं असं नाही. निफ्टचा कॅम्पस खारघरलाच आहे, पण प्रवेश देशभरातून होतो, तेव्हा घराजवळ म्हणून गृहीत धरू नका. क्लास लावा किंवा लावू नका. क्लासवाल्यांनी घोटून घेतलेली एकसारखी चित्रं ज्युरीला लगेच ओळखू येतात.

कॉलेज बघायला जाल तेव्हा चकाचक संगणकांच्या खोलीत फार वेळ घालवू नका. वर्कशॉप संध्याकाळी किती वाजता बंद होतं ते विचारा. करवतीवर, मातीवर, स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलावर नुकत्याच झालेल्या कामाच्या खुणा दिसतात का बघा. शिकवणाऱ्यांपैकी कितीजण बाहेर स्वतः काम करतात ते विचारा. शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठून ज्युरीत त्यांचं कोणतं काम मोडून परत करायला लावलं ते विचारा, आणि कुणालाच काही आठवलं नाही, तर पुढच्या कॉलेजची पायरी चढा.