घरी बांधलेल्या विमानाचा गिअरबॉक्स टिकवायचा तर
भांडुपच्या आमच्या वर्कशॉपात कोणी विमानासाठी कारचं इंजिन घेऊन आलं, की मी आधी आयडलिंग, म्हणजे इंजिन सर्वात हळू किती फेऱ्यांवर चालतं, ते विचारतो. वेगात नाही, हळू चालतानाच इंजिन आणि पंखा यांच्यामधला गिअरबॉक्स जास्त मार खातो. सिलिंडरचे धक्के सुटे बसतात, दात खडखडतात. रोटॅक्स ९१२ हे खास छोट्या विमानांचं इंजिन, तेसुद्धा मिनिटाला १४०० फेऱ्यांच्या खाली ठेवत नाहीत. तुमचंही आयडल खडखड थांबेपर्यंत वाढवा. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये रबर कपलिंग, म्हणजे धक्के शोषणारा रबरी जोड, हवंच. वजन वाचवायला फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचे धक्के सावरणारं जड चाक, हलकं करणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. जड धातूच्या पंख्यापेक्षा हलका लाकडी गिअरला सोसवतो. तेल बदलताना चुंबकी प्लग (तेलातले लोखंडी कण पकडणारं बूच) पुसण्याआधी बघा: बारीक राखाडी लगदा चालेल, चकचकीत कपची दिसली तर गिअरबॉक्स उघडाच. पावसाळा संपला की कपलिंगच्या रबरावर भेगा तपासा.