घरात फेंटानिलचा पॅच आहे? भीती कशाची धरायची, कशाची नाही

फेंटानिल हे अफूच्या वर्गातलं फार तीव्र वेदनाशामक, आणि त्याचा पॅच म्हणजे कातडीवर चिकटवायची औषधाची पट्टी. फेंटानिलला नुसता हात लागला तरी माणूस कोसळतो, ही समजूत अमेरिकेतली. २०१७ च्या सुमारास तिथे 'पावडर अंगावर उडाली आणि पोलीस बेशुद्ध पडला' अशा बातम्या गाजल्या. त्याच वर्षी अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून याचं गणित मांडलं. दोन्ही तळहात पूर्ण झाकतील इतके फेंटानिलचे पॅच लावले, तरी १०० मायक्रोग्रॅम (मिलिग्रॅमचा दहावा भाग) औषध अंगात जायला सुमारे १४ मिनिटं लागतील. आणि पॅच तर औषध कातडीतून आत जावं म्हणूनच बनवलेला असतो. कोरडी पावडर तशी आत शिरत नाही. ती हाताला लागली तर साबण-पाण्याने धुवायची आणि तोवर तो हात डोळ्यांना, नाकातोंडाला लावायचा नाही. सॅनिटायझर चोळू नये, त्याने फेंटानिल नष्ट होत नाही.

मग त्या पोलिसांना झालं काय? अशा प्रसंगांच्या वर्णनात छातीत धडधड, धाप, चक्कर, बोटांना मुंग्या असं दिसतं. ही घबराटीची लक्षणं. अफूवर्गी औषधाची विषबाधा याच्या उलट वागते: श्वास मंदावतो, माणूस हलवूनही जागा होत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, ओठ निळे-करडे पडतात. जो 'मला श्वास घेता येत नाहीये' असं भराभर सांगतोय, त्याला ही विषबाधा झालेली असण्याची शक्यता फार कमी.

मराठी घरांत फेंटानिल येतं ते बहुतेक वेळा कॅन्सरच्या रुग्णासाठी, पॅचच्या रूपात. स्पर्शाच्या अफवेला घाबरून रुग्णाला वेदनेत ठेवणं हा वेडेपणा आहे. पण पॅचचा खरा धोका वेगळ्याच ठिकाणी असतो, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही.

काढलेला पॅच रिकामा नसतो

ताशी २५ मायक्रोग्रॅम औषध सोडणारा पॅच घ्या. एका प्रचलित बनावटीत त्यात ४.२ मिलिग्रॅम औषध भरलेलं असतं. ७२ तासांत अंगात जातं साधारण १.८ मिलिग्रॅम. म्हणजे तीन दिवसांनी काढलेल्या पॅचमध्ये २.४ मिलिग्रॅम उरतं. सवय नसलेल्या मोठ्या माणसालाही २ मिलिग्रॅम जीवघेणं ठरू शकतं. हा पॅच केराच्या डब्यात पडला, रांगत्या मुलाने उचलून तोंडात घातला, की तोंडाच्या ओल्या अस्तरातून औषध झपाट्याने रक्तात जातं. अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या सरकारी औषध नियंत्रण संस्थेने) २०१२ मध्ये जाहीर केलेल्या आकडेवारीत मुलांच्या अशा २६ घटना होत्या. त्यांत १० मुलं दगावली, आणि २६ पैकी १६ मुलं दोन वर्षांची किंवा त्याहून लहान होती. मुलांना हा पॅच जखमेवरच्या पट्टीसारखा किंवा स्टिकरसारखा वाटतो. कधी तो आजोबांच्या अंगावरून सुटून शेजारी झोपलेल्या नातवाला चिकटतो.

म्हणून पॅच काढला की लगेच चिकट बाजू आत घेऊन दुमडा. एफडीए तो संडासात टाकून फ्लश करायला सांगते. एरवी औषधं फ्लश करू नयेत, हा त्याला अपवाद. तुमचं रुग्णालय वापरलेले पॅच मोजून परत घेत असेल तर दुमडलेला पॅच झाकणाच्या डब्यात, कुलपात ठेवा. नवे पॅचही तिथेच. फ्रिजच्या दारात किंवा उशीखाली नको.

लावताना

जागा छातीचा वरचा भाग किंवा पाठ. भ्रम झालेला रुग्ण पॅच ओढून काढतो, त्याला पाठीवर वरच्या बाजूला लावा. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा फिरवू नका, कारण खरचटलेल्या कातडीतून औषध जास्त जातं. जागा साध्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडी करा. साबण, तेल, बाम काही नको. तळव्याने ३० सेकंद दाबून धरा, कडा नीट तपासा, तारीख-वेळ वहीत लिहा. पुढचा पॅच नव्या जागी, आणि त्याआधी जुना काढलाय ना ते बघा. दोन पॅच एकदम राहून जाणं ही नेहमीची चूक. पॅच कापून अर्धा करू नका.

शेक देण्याची आपली सवय इथे घातक आहे. गरम पाण्याची पिशवी, हीटिंग पॅड, कढत पाण्याची अंघोळ, कडक ऊन यांनी औषध वेगाने सुटतं. रुग्णाला ताप चढला तरी तेच होतं, तेव्हा डॉक्टरांना कळवा.

उरलेला पॅच गुडघेदुखीसाठी शेजारच्या काकूंना देणं तर अजिबात नको. ज्याला या औषधाची सवय नाही, त्याचा श्वास एका पॅचनेही थांबू शकतो, आणि परिणाम चढायला १२ ते २४ तास लागत असल्याने तो बहुधा झोपेत थांबतो.

नको त्याला चिकटला किंवा तोंडात गेला

पॅच लगेच काढा, जागा साध्या पाण्याने धुवा. इथे साबण आणि स्पिरिटही नको, त्यांनी आत जाणं वाढू शकतं. (कोरड्या पावडरीला साबण चालतो.) तोंडात असेल तर बोटाने बाहेर काढा. मीठपाणी पाजून उलटी करवू नका. गुंगीत उलटी श्वासनलिकेत जाते. कॉफी, दही, ताक यांचा उपयोग नाही. मूल हसत-खेळत असलं तरी रुग्णालयात न्या.

जागं होत नसेल तर १०८ किंवा ११२ लावा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. थांबला असेल किंवा मिनिटाला दोन-चारच येत असतील तर तोंडाने श्वास द्या: मोठ्याला दर ६ सेकंदांनी एक, लहान मुलाला दर २-३ सेकंदांनी एक. श्वास देणाऱ्याला विषबाधा होते ही पुन्हा अफवाच. तोंडात पॅच राहिलेला नाही एवढं पाहा.

उतारा नालोक्सोन. भारतात ते इंजेक्शनच्या रूपात रुग्णालयात मिळतं. अमेरिकेत २०२३ पासून त्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. तिकडे घरात पॅच किंवा अफूवर्गी गोळ्या असतील तर तो आणून ठेवा. काही मिनिटांत माणूस शुद्धीवर येतो, पण उताऱ्याचा असर ३० ते ९० मिनिटांचाच. पॅच काढल्यावरही कातडीत साठलेलं औषध कितीतरी तास रक्तात उतरत राहतं. उतारा ओसरला की श्वास पुन्हा मंदावतो, म्हणून 'आता बरा आहे' म्हणत घरी आणायची घाई करू नका. किमान २४ तास देखरेख लागते. डॉक्टरांना पॅचचं पाकीटच दाखवा, आणि तो किती वेळ अंगावर होता ते सांगा.