पावसाळा, मुंबई आणि चांगली गिटार : या चुका टाळा

जुलैत तारा उंच वाटायला लागतात, बोटं दुखतात आणि 'नेक (तारांखालचा लांब दांडा) वाकली' म्हणून गिटार दुरुस्तीला जाते. बऱ्याचदा नेकचा काही दोष नसतो. सॉलिड टॉप, म्हणजे वरची फळी अखंड लाकडाची असलेल्या गिटारला 45 ते 55 टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत पावसाळाभर हवा 80 टक्क्यांच्या वर. टॉपचं स्प्रूस ओल पिऊन फुगतं, ब्रिज (टॉपवरची, तारा अडकवायची लाकडी पट्टी) वर उचलला जातो आणि त्याबरोबर ताराही.

इथेच सगळ्यात महागडी चूक होते : सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकतात ती हाडाची पट्टी, घासणं. बाराव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) ॲक्शन, म्हणजे तारेची फ्रेटपासूनची उंची, अर्धा मिलिमीटर कमी करायची तर सॅडल एक मिलिमीटर घासावं लागतं. तेवढ्यानं ऑगस्टमध्ये हात मजेत चालतो. मग डिसेंबर-जानेवारीत टॉप खाली बसतो आणि तारा फ्रेटवर खणखणायला लागतात. घासलेलं हाड परत चिकटवता येत नाही, नवं सॅडल बनवून घ्यावं लागतं. तेव्हा आधी गिटार केसमध्ये सिलिका जेलसोबत आठवडा-दोन आठवडे ठेवा, आत आर्द्रता मोजणारा छोटा हायग्रोमीटर टाका, आणि मगच बाराव्या फ्रेटवर ॲक्शन मोजा. जाड तारेखाली अडीच आणि पातळ तारेखाली दोन मिलिमीटरच्या आसपास जागा असेल तर कारागिराकडे जायचं काही कारण नाही. सिलिका मात्र अधूनमधून गरम करून वाळवायला हवं. गेल्या वर्षीचं पाकीट यंदा नुसतं शोभेला.

ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) पिळून ॲक्शन उतरवणं हा दुसरा घरगुती उद्योग. रॉडनं नेकचा बाक कमी-जास्त होतो, टॉपच्या फुगवट्याशी त्याचा संबंध नाही.

रात्री एसी, दिवसा उघडी खिडकी, आणि गिटार पावसाच्या माऱ्याच्या भिंतीवर टांगलेली, हे तर अनेक घरांत दिसतं. शोभा येते, खरं आहे. पण गिटारची जागा केसमध्येच.

जुनी गिटार घेताना नुसती वाजवून पाहू नका. स्टीलची सरळ पट्टी फ्रेटवर ठेवून ब्रिजकडे न्या. टोक ब्रिजच्या वरच्या कडेशी आलं तर उत्तम. बरंच खाली धडकलं तर नेक रीसेटचा (नेक सोडवून नव्या कोनात बसवण्याचा) खर्च समोर आहे, आणि तो गिटारच्या किमतीलाही भारी पडू शकतो. पावसाळ्यात टॉप फुगलेला असल्यानं ही परीक्षा जरा कडकच लागते, हेही लक्षात ठेवा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकतोय का, तेही बघा. सरकला तर ब्रिज सुटतोय. 'सॉलिड टॉप' या शब्दावर भाव चढतो, म्हणून साउंडहोलची कड उजेडात पाहा : वरच्या रेषा कडेवरून तशाच खाली उतरल्या पाहिजेत. मधे आडवा थर दिसला तर ते प्लाय. शंका असेल तर धोबी तलावला फर्टाडोसमध्ये जाऊन त्याच दर्जाची नवी हातात घेऊन या. 1865 पासूनचं दुकान आहे, तुलनेला बरं पडतं.

नायलॉनच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवू नका. स्टीलच्या सेटचा ताण 70 किलोच्या आसपास जातो, ब्रिज उखडतो.

विकताना मूळ ट्यूनर (तारा पिळायच्या खुंट्या), ब्रिजच्या पिन, सॅडल फेकून देऊ नका, पिशवीत घालून सोबत द्या. तडा असेल तर फोटोत दाखवा, ग्राहकाला तो दिसणारच आहे. आणि तारा गिऱ्हाईक येण्याच्या सकाळी बदलू नका. ताज्या तारा ताणल्या जात राहतात, सूर उतरत राहतो, आणि समोरच्याला वाटतं ट्यूनरच ढिले आहेत. दोन-तीन दिवस आधी चढवा.