मे महिन्यात मसाई मारा नको: मुंबईकरांसाठी आफ्रिकी सफारीचे नियोजन

मुंबईतील बहुतेक कुटुंबांचा प्रवास शाळेच्या सुट्ट्यांवर ठरतो, आणि आफ्रिकेच्या सफारीबाबत पहिली अडचण इथेच येते. केनिया आणि उत्तर टांझानियात साधारणपणे मार्चच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत मोठा पाऊस असतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास त्याहून हलका, दुसरा पाऊस येतो. म्हणजे आपली मे महिन्याची सुट्टी तिकडच्या ऐन पावसात पडते. या काळात गवत कमरेइतके वाढलेले असते, त्यात पहुडलेला सिंह दहा पावलांवरूनही दिसत नाही, काळ्या मातीच्या वाटांवर गाड्या रुततात आणि कित्येक कॅम्प एप्रिल-मेमध्ये बंदच ठेवले जातात. दादर-पार्ल्याच्या टूर कंपन्यांच्या कार्यालयांत मे महिन्याच्या स्वस्त सहली सुचवल्या जातात, तेव्हा त्या स्वस्त का आहेत हे आधी विचारावे.

ज्यांना मे महिन्याखेरीज सुट्टी मिळणे शक्यच नाही, त्यांनी केनियाचा हट्ट सोडून दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यानाचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तिथे मे ते सप्टेंबर हा कोरडा हिवाळा असतो; झाडी विरळ होते, पाणी ठरावीक पाणवठ्यांपुरते उरते आणि प्राणी आपोआप तिथे येतात. जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरच्या या उद्यानात डांबरी रस्ते आहेत, आपली गाडी आपण चालवता येते (डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटर ही वेगमर्यादा मात्र कसोशीने पाळावी लागते) आणि लहान मुलांना घेऊन हवे तेव्हा विश्रांतीच्या कॅम्पवर परत येता येते. फक्त दक्षिण आफ्रिकेच्या व्हिसाची तयारी बरीच आधी सुरू करावी.

ज्यांना महास्थलांतर पाहायचे आहे, त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी: स्थलांतर हा एखाद्या तारखेचा सोहळा नसून वर्षभर चालणारा फेरा आहे. दहा लाखांहून कितीतरी अधिक विल्डबीस्ट (गायीसारखे दिसणारे मोठे कुरंग) आणि त्यांच्यासोबत लाखो झेब्रे व गॅझेल टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मसाई मारा यांच्यामध्ये कोवळ्या गवताच्या मागे फिरत राहतात. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत हे कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या आसपासच्या आखूड गवताच्या मैदानात असतात आणि तिथे काही आठवड्यांतच बहुसंख्य पिल्ले जन्माला येतात. साहजिकच सिंह, चित्ते आणि तरसही तिथेच असतात. मोठ्या पावसानंतर कळप उत्तरेकडे सरकतात आणि जुलै ते ऑक्टोबर या काळात मारा नदीच्या दोन्ही काठांवर ये-जा करतात. आपल्याकडील गणपती याच काळात येतात. ज्यांच्या घरी गणपती असतो त्यांनी आगमनापूर्वीचा ऑगस्ट किंवा विसर्जनानंतरचा सप्टेंबर धरावा. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी नदी ओलांडणारे कळप पाहण्याची अपेक्षा ठेवू नये. त्या वेळी हत्तींसाठी केनियातील अंबोसेली उद्यान किंवा दक्षिण सेरेंगेटी अधिक समाधान देते.

खर्चाचा अंदाजही मोसमाप्रमाणे बदलतो. मसाई मारा रिझर्व्हचे परदेशी पाहुण्यांसाठीचे प्रवेशशुल्क २०२४ पासून जानेवारी ते जून या काळात दिवसाला माणशी १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर या काळात २०० डॉलर असे झाले आहे. त्यामुळे सहलीची किंमत ठरवताना प्रवेशशुल्क किती दिवसांचे धरले आहे, गाडीत किती माणसे बसणार, प्रत्येकाला खिडकी मिळणार का आणि टीसीएस (परदेशी सहलीच्या पैशांवर आगाऊ वसूल होणारा कर) किमतीत धरला आहे की वेगळा भरावा लागणार, हे लेखी मागून घ्यावे.

आता सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, किती उद्याने पाहावीत? आठ दिवसांत सहा उद्याने दाखवणारा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो, प्रत्यक्षात तो आठवडा रस्त्यावरच जातो. नैरोबीहून माराला पोहोचायला पाच-सहा तास लागतात, अंबोसेलीला चार-पाच. आणि नकाशावर मारा व सेरेंगेटी एकमेकांना लागून असले तरी पर्यटकांना तिथून सरळ सीमा ओलांडता येत नाही, इसेबानियाच्या नाक्याला वळसा घालून जावे लागते. एका आठवड्यासाठी दोन ठिकाणे पुरेत, त्यांतही मारामध्ये किमान तीन रात्री मुक्काम असावा. नाकुरू सरोवर केवळ फ्लेमिंगोंसाठी कार्यक्रमात घातले असेल तर मुंबईकरांनी ते खुशाल वगळावे. अलीकडे तेथील पाण्याची पातळी वाढल्यामुळे पुष्कळ फ्लेमिंगो बोगोरियासारख्या दुसऱ्या सरोवरांकडे गेले आहेत, आणि छोटा फ्लेमिंगो तर ऐरोलीच्या खाडीत हिवाळ्यापासून मेपर्यंत हजारोंनी दिसतो. गेंडे पाहायचे असतील, तर मात्र नाकुरूला जाण्यात अर्थ आहे. ज्वालामुखीच्या खचलेल्या मुखात वसलेले, सुमारे २६० चौरस किलोमीटर तळाचे टांझानियातील न्गोरोन्गोरो एका दिवसात नीट पाहून होते. तिथे जिराफ नसतात, कारण त्यांना खाली उतरण्याजोगा उतार आणि खाण्याजोगी झाडे तिथे नाहीत असे मानले जाते, त्यामुळे वाटाड्याकडे त्यांचा आग्रह धरू नये.

मुक्काम वाढवण्याचे कारण नदीकाठी कळते. कळप काठावर जमतो, धूळ उडते, पुढचे दोन-चार प्राणी उतारावरून पाण्यापर्यंत येतात, तोंड लावतात आणि काहीही कारण न दिसता सगळे माघारी पळतात. असे एकाच दुपारी अनेकदा होते. झेब्रे पुढे येतात, थबकतात, मागून येणाऱ्यांच्या रेट्याने काठाची माती ढासळते, आणि मग अचानक एक विल्डबीस्ट उडी घेतो. त्यानंतर मात्र कोणी थांबत नाही. तास-दोन तास ताटकळून काहीच न घडता परतावे लागले, तरी ते सफारीचे अपयश समजू नये. गाड्या काठाच्या अगदी कडेला लावल्या, तर कळपाची उतरण्याची वाट अडते आणि तो वळतो. म्हणून जो चालक इतर गाड्यांपासून अंतर राखून मागे उभा राहतो, त्याला ‘पुढे घ्या’ असे सांगू नये. एका प्राण्याभोवती पाचपेक्षा अधिक गाड्या नसाव्यात आणि प्राण्यापासून सुमारे २५ मीटर अंतर राखावे, हा मारामधील नियम आहे. ऐन मोसमात तो सर्रास मोडला जातो आणि त्यामागे बहुधा गाडीतल्या पाहुण्यांचाच रेटा असतो.

ही गर्दी नको असेल आणि खिशाला परवडत असेल, तर रिझर्व्हला लागून असलेल्या नाबोइशो, ओलारे मोटोरोगी किंवा मारा नॉर्थ या कॉन्झर्व्हन्सींमध्ये राहावे. ही जमीन मसाई कुटुंबांच्या मालकीची असून कॅम्पवाले तिचे भाडे त्यांना देतात. तिथे पाहुण्यांची संख्या मर्यादित असते, आणि रिझर्व्हमध्ये मनाई असलेली रात्रीची फेरी व पायी भटकंतीही तिथे करता येते.

ताडोबा किंवा कान्हाला जाऊन आलेल्यांना जंगल कानाने ओळखायची सवय असते: वानराचा खेकसा, चितळाचा इशारा, मग गाडी बंद करून शांतता. सव्हानात, म्हणजे तिकडच्या मोकळ्या गवताळ मैदानात, त्याच्या जोडीला नजरेवर अधिक विसंबावे लागते. वारुळावर चढून उभा असलेला टोपी नावाचा कुरंग बराच वेळ एकाच दिशेला बघत असेल, जिराफांच्या माना एकाच बाजूला वळल्या असतील किंवा गिधाडे घिरट्या सोडून एकामागून एक खाली उतरत असतील, तर गाडी तिकडे वळवण्याची विनंती करावी. चालक आपापसांत रेडिओवर बोलत असतात, पण केवळ त्या निरोपांमागे धावणारी गाडी नेहमी गर्दीतच पोहोचते. पहिल्याच सकाळी वाटाड्याला सांगावे की आम्हाला पाच मोठ्या प्राण्यांची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि रानम्हैस) यादी पुरी करायची नाही, एखाद्या कळपापाशी तासभर थांबायला आमची तयारी आहे. हे ऐकून चांगल्या वाटाड्याचा सूर लगेच बदलतो, आणि मग शेणकिड्यापासून सुगरणीच्या आफ्रिकी भाऊबंदांपर्यंत तो बरेच काही दाखवू लागतो.

कागदपत्रांत सर्वांत आधी पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस. केनिया, युगांडा किंवा पीतज्वर असलेल्या अन्य देशातून भारतात परतताना या लसीचा दाखला लागतो. तो नसल्यास विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. लस टोचल्यानंतर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि तो आयुष्यभर चालतो. ही लस कोणत्याही दवाखान्यात मिळत नाही, नेमून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. मुंबईत पोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन आणि एअरपोर्ट हेल्थ ऑर्गनायझेशन यांच्याकडे ती सोय आहे. सुट्ट्यांच्या दिवसांत तिथे गर्दी होते, म्हणून महिनाभर आधी वेळ घ्यावी. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांना ही लस देत नाहीत आणि साठीपुढच्यांना तिचा त्रास होण्याची शक्यता अधिक असते, तेव्हा आई-वडिलांना सोबत नेणार असाल तर सहलीचे पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी बोलावे. केनियाहून टांझानियात शिरतानाही हा दाखला मागतात. क्रूगरला जाणाऱ्यांचे विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल, तर त्यांनीही लस घेऊनच निघावे.

केनियासाठी जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी ऑनलाइन प्रवास-परवाना घ्यावा लागतो, टांझानियासाठी ई-व्हिसा मिळतो. केनिया, युगांडा आणि रवांडा या तिन्ही देशांसाठी एकच पर्यटक व्हिसा उपलब्ध आहे, परंतु त्यात टांझानिया येत नाही, हे अनेकांना उशिरा कळते. मुंबई-नैरोबी थेट विमानाने प्रवास सुमारे सहा तासांचा आहे आणि तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते.

मुंबईकर हमखास चुकतो तो कपड्यांच्या बाबतीत. आफ्रिका म्हणजे ऊन, या समजुतीने बॅगेत नुसते सुती कपडे भरले जातात आणि जुलै-ऑगस्टच्या पहाटे उघड्या छताच्या गाडीत दात वाजू लागतात. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, न्गोरोन्गोरोची कडा त्याहूनही उंच आहे. स्वेटर, वारा अडवणारे जाकीट आणि कानटोपी असावीच. कपड्यांचे रंग खाकी, मातकट किंवा फिकट हिरवे निवडावेत. निळ्या आणि काळ्या रंगाकडे त्सेत्से माशी आकर्षित होते आणि तिचा डंख कापडातूनही लागतो. लष्करी छापाचे कपडे काही आफ्रिकी देशांत नागरिकांना वापरता येत नाहीत, ते घरीच ठेवावेत. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून छोट्या विमानाने जाणार असाल, तर साधारण १५ किलोंची मर्यादा असते आणि बॅग मऊ कापडाची लागते. चाकांच्या कडक बॅगा तिथे नाकारल्या जाऊ शकतात.

खाऊचा डबा भरताना मात्र एक नियम लक्षात ठेवावा. केनियाने २०१७ मध्ये आणि टांझानियाने २०१९ मध्ये प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. त्यामुळे दशम्या, भडंग आणि चिवडा कॅरीबॅगमध्ये न बांधता डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत न्यावा. केनियाच्या उद्यानांत एकदाच वापरायच्या बाटल्याही चालत नाहीत, म्हणून स्टीलची बाटली न्यावी. शाकाहारी जेवणाची फार काळजी करू नये: १८९६ साली मोंबासाहून सुरू झालेल्या रेल्वेच्या कामावर भारतातून हजारो मजूर गेले, व्यापारीही तिथे स्थिरावले, आणि आज नैरोबीत डाळ-भात सहज मिळतो, लॉजना मात्र जैन किंवा उपवासाच्या जेवणाची सूचना आधीच द्यावी. उघड्यावर डबा काढताना आजूबाजूला पाहावे. न्गोरोन्गोरोच्या तळातील जेवणाच्या जागी घारी हातातला घास उचलून नेतात, तेव्हा तिथे गाडीत बसूनच जेवणे बरे.

एक चांगली दुर्बीण दोघांत मिळून नव्हे, प्रत्येकाला स्वतंत्र असावी; ८×४२ (आठ पट मोठे दाखवणारी, ४२ मिलिमीटरच्या भिंगांची) ही पुरेशी ठरते. कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरे, आणि ट्रायपॉडऐवजी तांदूळ किंवा डाळ भरून घेता येईल अशी रिकामी कापडी पिशवी न्यावी, जी गाडीच्या छताच्या कडेवर ठेवून लेन्स टेकवता येते. ड्रोन नेऊ नये. मसाई माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. त्यांच्या वस्तीची भेट पैसे देऊन होते, ती रक्कम आधी ठरवून घ्यावी आणि जागेवर घासाघीस टाळावी.

वाटाड्याला आणि कॅम्पवरील कर्मचाऱ्यांना बक्षिसी देण्याची पद्धत आहे, आणि ती सहलीच्या किमतीत बहुधा धरलेली नसते. त्यासाठी कमी किमतीच्या डॉलरच्या नव्या छपाईच्या नोटा न्याव्यात, कारण जुन्या किंवा फाटक्या नोटा तिकडे घेत नाहीत.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात आणि परतल्यावरही सांगितलेल्या दिवसांपर्यंत त्या चालू ठेवाव्यात. घरी पोहोचल्यावर त्या बंद करण्याचा मोह अनेकांना होतो. परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत ताप आला, तर फॅमिली डॉक्टर मुंबईच्या पावसाळ्यात साहजिकच व्हायरल किंवा डेंग्यूकडे बोट दाखवतील. म्हणून आपण आफ्रिकेतून आलो आहोत हे त्यांना आधीच सांगावे आणि मलेरियासाठी रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्यावी.