आधी माझी गोळी, मग आत्तींची

गेल्या उन्हाळ्यात एका ब्लाउजची बाही जोडता जोडता मशीनवरून उठले आणि भिंतच फिरली. शेजारच्या वैनींनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. बीपी 170/110. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी कधीपासून बंद आहे?" मला आठवेना. आत्तींच्या सकाळच्या दोन, रात्रीची एक, डोळ्यांचे थेंब, यातलं काही चुकलेलं नव्हतं. माझीच पाकिटं संपून दीड महिना झाला होता.

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. वय 78, अल्झायमर आहे. आमचं घर बेळगावच्या शहापुरात, मालक, म्हणजे माझा नवरा, उद्यमबागेत फाउंड्रीत शिफ्टवर, मी घरीच शिवणकाम करते. "स्वतःसाठी वेळ काढ की गं," असं येणारा-जाणारा प्रत्येकजण सांगून जातो. वेळ निघत नाही ओ. म्हणून मी तो काढायचा नाद सोडला आणि माझी कामं आत्तींच्या कामांनाच बांधून टाकली.

गोळ्यांपासून सुरुवात केली. दोघींच्या वेगवेगळ्या डब्या, माझी लाल झाकणाची, त्यांची पांढऱ्या झाकणाची, आणि दोन्ही एकाच स्टीलच्या डब्यात, कुलपात. कुलूप यासाठी, की एकदा त्या चुना समजून माझी गोळी चुरगाळत बसल्या होत्या. सकाळी डबा उघडला की आधी मी माझी गोळी पाण्याबरोबर घेते, मग त्यांना देते. उलटं केलं की त्या तोंडातून गोळी काढतात, मी ती शोधत बसते आणि माझी राहते. महिन्याला त्यांची औषधं आणायला जाते तेव्हा तिथेच माझंही बीपी मोजून घेते. शुगर तीन महिन्यांनी.

कंबर ही दुसरी गोष्ट. आत्ती 58 किलोच्या, मी 50 ची. सुरुवातीला मी त्यांना काखेत हात घालून उचलायची. त्यात त्यांचा खांदा दुखायचा आणि माझी कंबर धरायची. फिजिओथेरपीवाल्या मुलीने शिकवलं ते असं: आधी त्यांना खुर्चीच्या कडेला सरकवायचं. त्यांची दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, गुडघ्यांच्या थोडी मागे. आपण समोर एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचं, कमरेत नाही. हात त्यांच्या कमरेला. मी जुन्या इरकलीचा चौपदरी पट्टा शिवलाय, तो त्यांच्या कमरेला बांधला की धरायला बरं पडतं. मग "एक, दोन, तीन" म्हणायचं आणि तीनला त्यांनाच उठू द्यायचं, आपण फक्त आधार. खाटेच्या पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे बसवून घेतले, उंची वाढली आणि निम्मा त्रास तिथेच संपला. त्या जमिनीवर पडल्या तर एकटीने उचलायचं नाही. आधी कुठे लागलंय का बघायचं, उशी द्यायची, गल्लीतल्या कुणाला तरी हाक मारायची.

जेवणाचं थोडक्यात. त्यांच्या ताटातलं उरलेलं उभ्या उभ्या खायची सवय मला लागली होती, वर पाहुण्यांनी आणलेला खव्याचा गोड कुंदा. आता त्यांना भरवायच्या आधी मी बसून एक भाकरी खाते. भुकेल्या पोटी भरवायला बसलं की राग लवकर येतो, हे मी बघितलंय.

आणि राग येतो. एकदा माझा हात उठला होता. लागला नाही, पण उठला होता. आता तसं व्हायला लागलं की त्यांना खुर्चीत बसवते, गॅस बंद आहे ना बघते आणि परसात जाऊन नळाखाली पाय धरते. पाच मिनिटं. दोनदा 14416 ला फोनही केलाय. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट आहे, रात्रीसुद्धा लागतो. मराठीत बोलता येतं.

नणंद कोल्हापूरला असते. "काही लागलं तर सांग," म्हणायची, मी "नाही, चाललंय" म्हणायची. दवाखान्यातून आल्यावर सरळ सांगितलं: महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी सकाळी ये, रविवारी संध्याकाळी जा. नेमका दिवस सांगितल्यावर ती येते. पहिल्या शनिवारी मी काय केलं? दुपारी दोन ते सहा झोपले.

झोपेचं सगळ्यात अवघड. दिवस कलला की आत्ती अस्वस्थ होतात. त्यांचं माहेर गोकाककडचं, लहानपण कन्नडमध्ये गेलेलं. पुढे शिकलेली भाषा या आजारात बऱ्याचदा आधी जाते म्हणतात, तसंच झालं. पन्नास वर्षं मराठीत संसार केला आणि आता पदर सावरत दारात उभ्या राहतात, "नडी, मनीगे होगूण." चल, घरी जाऊया. "हेच तुमचं घर," असं मी आधी समजावत बसायची. दोघी रडायचो. आता मी चपला घालते. "नडी," म्हणते आणि हात धरून गल्लीतून एक फेरी. परत येईपर्यंत त्या निवळतात आणि माझं अर्ध्या तासाचं चालणंही होतं. डॉक्टरांनी मला तेच सांगितलं होतं.

बाकी रात्रीसाठी: चारनंतर चहा नाही, दुपारची झोप तासाच्या आत, अंधार पडायच्या आधीच दिवे. मालक पहिल्या शिफ्टला नसले की रात्र वाटून घेतो, दोनपर्यंत मी, पुढे ते. दुकानातून मनाने झोपेची गोळी आणून देऊ नका, तोल जाऊन पडतात आणि गोंधळ वाढतो. एक-दोन दिवसांत एकदम फरक पडला, ओळखेनात किंवा नुसत्या पडून राहायला लागल्या, तर आजार वाढला म्हणून गप्प बसू नका. आत्तींना लघवीचं इन्फेक्शन निघालं होतं. मी चार रात्री जागून काढल्या होत्या, औषध सुरू झाल्यावर उतरलं.

तरी मला झोप लागायची नाही, कडी काढून निघून गेल्या तर? दाराला बेंदराच्या सणाला आणलेली बैलाची घुंगरं बांधली. आणि त्यांच्या प्रत्येक ब्लाउजला आतून, शिवणीजवळ, एक कापडी पट्टी शिवली: नाव, गल्ली, माझा आणि मालकांचा नंबर. वर मराठीत, खाली कन्नडमध्ये. बसस्टँडवर कंडक्टरला सापडल्या काय नि पोलिसाला सापडल्या काय, वाचता आलं पाहिजे. साधी मार्करची शाई दोन धुण्यांत जाते, म्हणून अक्षरं दोऱ्याने भरली. अकरा ब्लाउजना तीन दुपारी लागल्या.