सापाच्या पेटीत ऊब किती, कुठे आणि कशी राखायची

पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो आणि एप्रिलच्या दुपारी ४० गाठतो. आपण गोधडी ओढतो नाहीतर पंखा लावतो. सापाला अंग तापवण्याइतकी उष्णता स्वतः तयार करता येत नाही. त्याच्या हातात एकच उपाय असतो, जागा बदलणे. त्यामुळे ‘सगळी पेटी ३० अंशांवर ठेवली’ असे कोणी सांगितले, की काहीतरी चुकले आहे असे समजावे. पेटीच्या एका टोकाला ऊब हवी, दुसऱ्याला गारवा, आणि कुठे बसायचे ते साप ठरवील.

इथले आकडे बॉल पायथन (आफ्रिकेतला छोटा अजगर) आणि कॉर्न स्नेक (अमेरिकेतला बिनविषारी साप) या दोघांचे आहेत. धामण, नाग, आपल्याकडचा अजगर असे देशी साप पाळायला वन्यजीव संरक्षण कायद्याने (१९७२) मनाई आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स (CITES) या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, म्हणून त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद लागते. ती आधी करावी, हीट मॅट (पेटीखाली लावायची विजेवर तापणारी पातळ चटई) नंतर.

बॉल पायथनला उबदार बाजूची जमीन ३१ ते ३३ अंश सेल्सिअस लागते, थंड बाजू २५ ते २७. रात्रीही पेटीत कुठेच २४ च्या खाली जाऊ देऊ नये. कॉर्न स्नेक जरा काटक. त्याला उबदार बाजू २९ ते ३१, थंड बाजू २२ ते २५ आणि रात्री २० पर्यंत उतरले तरी चालते. हे आकडे सापाचे पोट जिथे टेकते तिथले आहेत, पेटीच्या भिंतीवर चिकटवलेल्या गोल काट्याच्या थर्मामीटरचे नाहीत. तो काटा हवेचे तापमान सांगतो, तेही बऱ्याचदा तीन-चार अंश इकडेतिकडे.

सामान

९० बाय ४५ सेंमीच्या काचेच्या पेटीसाठी तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापणारी हीट मॅट घ्या. मोठी मॅट घेतली की थंड बाजू उरतच नाही. सोबत थर्मोस्टॅट (ठरवलेल्या तापमानाला मॅट आपोआप चालू-बंद करणारे यंत्र), वायरवाल्या प्रोबचे, म्हणजे वायरीच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर असलेले, दोन डिजिटल थर्मामीटर, न टेकवता तापमान मोजणारी एक इन्फ्रारेड टेम्परेचर गन आणि एकसारख्या दोन हाईड, म्हणजे सापाला लपायच्या खोपी. हाईड दोन्ही टोकांना हवीच. उबेच्या बाजूला एकच असेल तर लाजाळू साप गरम होत असूनही तिथेच दडून राहतो, कारण उघड्यावर यायची भीती उष्णतेपेक्षा मोठी असते. मॅट सापांच्या सामानाच्या दुकानातूनच घ्यावी, पण बाकी इलेक्ट्रिकचे बहुतेक सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळून जाते.

प्लायच्या पेटीला खालून मॅट लावू नका. लाकूड उष्णता अडवते, मॅट आतल्या आत तापत राहते आणि वर काहीच पोचत नाही. तिथे वरून सिरॅमिक हीट एमिटर (उजेड न देता फक्त उष्णता देणारा बल्बसारखा हीटर) लावावा. त्याला होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो, आणि भोवती तारेची जाळी हवी, नाहीतर साप त्याला विळखा घालतो. लाल बल्ब घेऊ नका, रात्रीही उजेड राहतो आणि सापाची दिवस-रात्र बिघडते. तापणारे ‘हीट रॉक’ तर दुकानातच राहू द्यावेत.

मॅट बसवणे

मॅट पेटीच्या आत नाही, काचेखाली बाहेरून एका टोकाला चिकटवायची. पेटीच्या चार कोपऱ्यांना ६ ते ८ मिमी उंचीचे रबरी पाय लावा. खाली हवा खेळली नाही तर उष्णता साचते, त्याने काच तडकते किंवा मॅट जळते. मॅट कापू नका, दुमडू नका, आणि एकदा चिकटवलेली सोलून दुसरीकडे लावू नका. आतली वाहक पट्टी तुटली की त्याच जागी चटका बसण्याइतकी तापते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

पेटीत अंथरलेला नारळाचा भुसा मॅटच्या भागात १ ते २ सेंमीच ठेवावा. जाड थर टाकला की वरून थंड वाटते, म्हणून माणूस थर्मोस्टॅट वाढवतो. मग साप उकरून तळाला जातो आणि थेट तापलेल्या काचेवर पोट टेकवून बसतो. पोट भाजत असले तरी तो बहुतेकदा तिथून हलत नाही. खवले तांबूस-तपकिरी झालेले किंवा फोड आलेले दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

थर्मोस्टॅट

थर्मोस्टॅटशिवाय मॅट एक रात्रही लावू नये. नियंत्रण नसलेली मॅट सहज ४५ अंशांपुढे जाते.

ज्याला वायरिंग येत नाही त्याने तयार प्लगवाला थर्मोस्टॅट घ्यावा. स्वस्तातला उघड्या टर्मिनलचा डिजिटल कंट्रोलर घेतलाच, तर तो इलेक्ट्रिशियनकडून बंद डब्यात बसवून घ्या. अशा अनेक कंट्रोलरांना दोन रिले (वीज आपोआप जोडणारे-तोडणारे स्विच) असतात, एक हीटिंगचा आणि एक कूलिंगचा. मॅटची वायर चुकून कूलिंगला गेली की पेटी तापली असताना मॅट चालू होते आणि तापतच जाते. ही चूक पकडायची सोपी रीत आहे. थर्मोस्टॅट २८ वर ठेवा आणि प्रोब काखेत दाबून धरा. आकडा ३० च्या पुढे गेला की थर्मोस्टॅटवरचा, मॅट चालू असल्याचा दिवा विझला पाहिजे. पेटलेला राहिला तर उलट जोडणी आहे.

प्रोब खरा आकडा दाखवतो का, तेही बघा. ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडे पाणी, दोन मिनिटे ढवळून प्रोब बुडवा. शून्याच्या जवळ यायला हवे. दीड अंश जास्त दाखवत असेल तर कॅलिब्रेशनमधून तितके वजा करा. (उकळत्या पाण्यावर तपासू नका. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळते.) चालू-बंद होण्यातला फरक अर्ध्या ते एक अंशावर ठेवा.

प्रोब कुठे लावायचा यावर पाळणाऱ्यांत मतभेद आहेत. आत ठेवला तर साप तो सरकवतो, किंवा त्यावर लघवी करतो. प्रोब बाजूला सरकला की तो खोलीचे तापमान वाचतो आणि मॅट थांबतच नाही. त्यामुळे काच आणि मॅटच्या मध्ये बाहेरून लावणे आम्हाला जास्त सुरक्षित वाटते. मात्र तिथले ३५ म्हणजे आतले ३२ असे काहीतरी निघते. नेमका फरक प्रत्येक पेटीचा वेगळा असतो, म्हणून आत हाईडखाली गन रोखून मोजा आणि त्यावरून थर्मोस्टॅटचा आकडा ठरवा. गन बाहेरून काचेतून रोखली तर ती काचेचेच तापमान सांगते, झाकण उघडून मोजावे. आत थर्मामीटरचा प्रोब चिकटवायचा असेल तर हॉट ग्लू वापरा. चिकटपट्टी आत कुठेही नको. तिला साप चिकटला की सोडवताना कातडी सोलून निघते.

रिलेचे संपर्क कधीकधी जळून चिकटतात आणि मॅट कायमची चालू राहते. त्यावर तोड म्हणजे दुसरा थर्मोस्टॅट पहिल्याच्या पुढे सलग जोडायचा आणि तीन अंश वर लावून ठेवायचा. एक अडकला तरी दुसरा तोडतो.

सगळे ३० मिलिॲम्पियर आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असलेल्या, अर्थिंग केलेल्या प्लगवर घ्या. वायर प्लगच्या खाली झोळ पडेल अशी सोडा, म्हणजे सांडलेले पाणी वायरीवरून बोर्डात न जाता झोळातून खाली ठिबकते. पाण्याचे भांडे थंड बाजूला ठेवा.

साप आत सोडण्याआधी दोन दिवस पेटी रिकामी चालवा. पहाटे सहाला, दुपारी तीनला आणि रात्री दहाला दोन्ही टोके मोजून वहीत लिहा.

उन्हाळा आणि लाइट गेल्यावर

थर्मोस्टॅट फक्त तापवतो, गार करत नाही. वरच्या मजल्यावरच्या स्लॅबखाली मे महिन्यात खोली ३५ च्या पुढे जाते, तेव्हा मॅट बंद असूनही पेटीत गारवा नसतो. पेटी घरातल्या आतल्या भिंतीला, जमिनीजवळ हलवा. थंड बाजूच्या जाळीवर फडक्यात गुंडाळलेली बर्फाची बाटली ठेवा, पण तिचे पाणी आत गळू देऊ नका. कूलरचा झोत थेट पेटीवर नको. खिडकीतल्या उन्हात काचेची पेटी काही मिनिटांत भट्टी होते.

हिवाळ्यात लाइट गेली तर मॅटचे १५-२० वॅट घरच्या इन्व्हर्टरला जड नाहीत. पुण्यात देखभालीसाठीची वीजबंदी बहुधा गुरुवारी असते, त्यामुळे इन्व्हर्टर नसेल तर मंगळवार-बुधवारी सापाला खायला देऊ नका. अंग गार पडले की पचन थांबते आणि उंदीर सडून उलटी होते. उलटी झाली तर किमान दोन आठवडे उपास, आणि नंतर लहान खाणे. लाइट नसेल तेवढा वेळ पेटीला ब्लँकेट गुंडाळा, जाळी थोडी उघडी ठेवा. टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली हाईडशेजारी ठेवली तर तासाभराची ऊब मिळते. साप तोंड उघडून श्वास घेत असेल, नाकाशी बुडबुडे येत असतील किंवा घरघर ऐकू येत असेल तर गारठ्याने फुप्फुसांना संसर्ग झालेला असू शकतो. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्यांकडे त्याच दिवशी न्या, आणि नेताना कापडी पिशवीभोवती ती कोमट बाटली टॉवेलासकट ठेवा.