धातूच्या मिनिएचरची साफसफाई: आधी खरवडा, मग घासा, मशीन सगळ्यात शेवटी

धातूच्या मिनिएचरवर, म्हणजे साच्यात ओतलेल्या छोट्या मूर्तीवर, प्रायमर (रंगाखालचा अस्तराचा थर) मारला की कधीकधी एक बारीक रेघ उठून दिसते. डोक्यावरून, खांद्यावरून, थेट घोट्यापर्यंत. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली ही शिवण. कोऱ्या, चकाकत्या धातूवर ती सहज नजरेतून सुटते आणि रंग चढल्यावर मात्र लपता लपत नाही. शिवाय साच्याच्या फटीतून आलेले पातळ पापुद्रे, हवा जायच्या वाटांत थिजलेल्या काड्या, धातू ओतला त्या जागचा जाड खुंट हेही असतंच. हे सगळं काढायचं, पण खालचं कोरीवकाम शाबूत ठेवून.

सुरुवात धातू ओळखण्यापासून करा. जुन्या मूर्तींमध्ये शिसं भरपूर असतं, सोबत कथील आणि अँटिमनी. अलीकडच्या बऱ्याचशा मूर्ती शिसं न घालता, मुख्यतः कथिलाच्या मिश्रधातूत ओततात. मूर्तीचा तळ पांढऱ्या कागदावर घासून पाहा. करडी रेघ उमटली तर शिसं असण्याची शक्यता मोठी. रेघ उमटली नाही म्हणजे शिसं नाहीच, असं मात्र समजू नका. खात्री नसेल तर शिसं आहे असंच धरून चाला. मूर्ती नुसती हातात घेतल्याने फारसं बिघडत नाही. घासताना उडणारी धूळ नाकातोंडात जाणं हा खरा धोका आहे. लहान मुलांसाठी शिशाचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही, म्हणून मुलं आणि गरोदर बाई घरात असतील तर हे काम त्यांच्यापासून दूर, दार लावून करा. जेवणाच्या टेबलावर तर नकोच. जुन्या मूर्तीवर पांढरी भुकटी धरलेली दिसली तर ती झटकू नका, फुंकू नका. शिशाचाच तो क्षार असतो. ओल्या कापडाने टिपून घ्या.

टेबलावर मोठा कागद अंथरा आणि तो थोडा ओलसर करा, म्हणजे कीस उडत नाही. उजेड बाजूने पडेल असा दिवा ठेवा. समोरच्या उजेडात शिवण दिसत नाही. डोळ्यांवर संरक्षक चष्मा पहिल्या मिनिटापासून हवा. पकडीसारख्या कटरने काडी तोडली की तुकडा गोळीसारखा उडतो. काडी तोडताना त्यावर बोट धरा आणि कटरची सपाट बाजू मूर्तीकडे ठेवा. अगदी चिकटून कापू नका, अर्धा मिलिमीटर खुंट राहू द्या. तो कानशीने जातो. उलट कटरने पडलेला खड्डा पुटीने भरत बसावं लागतं.

आता खरवडणं. निम्मं काम इथेच होतं आणि याला घाई चालत नाही. छोट्या सुरीच्या पात्याची धार नव्हे, पाठ वापरा. पातं शिवणीवर जवळजवळ उभं धरायचं आणि हलक्या हाताने एकाच दिशेने ओढायचं. दाब बरोबर असेल तर केसासारखे बारीक वेटोळे निघतात, पीठ नाही. याचा मोठा फायदा असा की वेटोळं कागदावर पडतं, हवेत तरंगत नाही. पातं कुरकुरायला किंवा थरथरायला लागलं तर कोन बदला, नाहीतर धातूवर लाटा उमटतात. कपड्याच्या घड्या असतील तिथे घडीच्या लांबीने ओढा, आडवं नको. मूर्ती धरलेला अंगठा पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. अंगठ्यावर चामड्याची टोपी घाला, किंवा मूर्ती छोट्या लाकडी शिकंज्यात धरा.

नंतर सुईसारख्या बारीक कानशी. सपाट भागाला सपाट, घड्यांना गोल, पायांच्या बेचक्यात त्रिकोणी. मऊ धातू कानशीच्या दातांत भरतो आणि मग ती कापायचं सोडून ओरखडे काढते. आधी कानशीवर खडू घासून ठेवा, तरीही भरली तर पितळी ब्रशने दातांच्या दिशेने साफ करा. शेवटचा हात 400 आणि मग 600 नंबरच्या पॉलिश पेपरचा, तोही पाण्यात भिजवून.

रोटरी टूल, म्हणजे हातात धरायचं वेगाने फिरणारं छोटं मशीन, फक्त जाड खुंट आणि तळ यांच्यासाठी राखून ठेवा. एकदा मी घाईत ते घोडेस्वाराच्या चेहऱ्याजवळ नेलं, बर (टूलच्या टोकाला बसवलेलं फिरतं पातं) घसरला आणि नाक सपाट झालं. ते परत आणता आलं नाही. वेग सगळ्यात कमी ठेवा, मिनिटाला पाच ते दहा हजार फेऱ्या पुरतात. वेग वाढला की धातू तापून बराला चिकटतो. कथील 232 अंशांवर वितळतं, शिसं 327 वर. घासायचे दगड या धातूने लगेच भरतात, त्यापेक्षा दातेरी बर बरा. बर ज्या बाजूला ओढ घेतो तिकडेच टूल ढकललं तर तो धातूवर चढून पळतो, म्हणून त्याच्या उलट बाजूने हलके हलके स्पर्श द्या. हातमोजे, सैल बाही, मोकळे केस नकोत. टूलला लावलेल्या वायर ब्रशचे केस सुटून उडतात, कटिंग डिस्क फुटते. धूळ होतेच, म्हणून इथे बारीक कण अडवणारा घट्ट बसणारा मास्क लागतोच, पातळ कापडी नव्हे.

काम संपल्यावर झाडू नका. कागद आतल्या बाजूला दुमडून पिशवीत बांधा, टेबल ओल्या कापडाने पुसा, अंगावरचे कपडे वेगळे धुवा. हात साबणाने, नखांच्या कडांसकट धुवा आणि त्याआधी पाण्याच्या बाटलीलाही शिवू नका. मूर्ती जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून वाळवा आणि बाजूच्या उजेडात फिरवत पुन्हा एकदा बघा. कानाच्या मागे आणि काखेत शिवण हमखास राहिलेली असते.